पोचा पडलेलं माप

गिरजाकाकूंच्या घरात किलोला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. दुकानातून डाळ येवो, रवा येवो, साखर येवो, पिशवी दाराशीच थांबायची. काकू आतून त्यांचं पितळी माप घेऊन यायच्या, ओसरीवर मांडी घालून बसायच्या आणि आलेलं सगळं मापाने पुन्हा मोजून डब्यात भरायच्या. मग ते घरात आलं असं व्हायचं. "वजन दुकानात, माप घरात," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

मी मोताळ्याच्या पोस्टात काउंटरला होते तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याहून बदली होऊन आले, काकूंच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली आणि महिन्याभरात माझं जेवणही त्यांच्याच चुलीवर गेलं. मी काही तसं ठरवलं नव्हतं. एकदा त्यांनी माझी खिचडी पाहिली, झाकण परत ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून ताट इकडं मांडत जाय." माझ्या खिचडीबद्दल इतकं थोडक्यात आजवर कोणी बोललेलं नाही.

ते माप शेराचं होतं. निदान काकू त्याला शेर म्हणत. जाड पितळेचं, काठाला गोल वळ, आणि वर्षानुवर्षं हात फिरून बाहेरून गुळगुळीत झालेलं. आतून मात्र त्याचं बूड वर आलं होतं, एखादी छोटी वाटी आत उपडी घालावी इतकं. हा पोचा काकूंच्या यजमानांनी, नानांनी, पाडलेला. त्यांना मी पाहिलं नाही, मी येण्याच्या बऱ्याच आधी ते गेले होते. पण त्या पोच्याची हकिकत मी इतक्यांदा ऐकली की तो प्रसंग माझ्यासमोर घडल्यासारखा वाटतो. पहिल्या लेकीचं, मंदाचं, बारसं. पाहुणे दारात. पाळणा टांगायला खुंटी ठोकायची तर हातोडी कोणी नेली पत्ता नाही. नाना इकडे धावले, तिकडे धावले, आणि शेवटी समोर दिसलं ते माप उचलून त्याच्या बुडानेच खुंटी ठोकून मोकळे झाले.

"खुंटी बसली, पाळणा टांगला, आन् माहं माप बसलं," काकू सांगायच्या. "माहेरून आणलेलं माप. मी बारसं होईस्तोवर बोलली नाही त्यायच्याशी. ते मात्र दात काढून राह्यले. म्हणे गिरजे, लेक काय रोज होते?"

हे सांगताना त्यांचा अंगठा मापाच्या बुडावरून फिरत असायचा. नाना गेल्यावर घरात त्यांचा एक फोटो होता, हार घातलेला, पण काकू त्या फोटोकडे फारशा बघत नसत. बोलायचं असलं की माप घेऊन बसत.

मोजण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पहिल्या मापाला त्या 'एक' म्हणत नसत. खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तसं 'लाभ' म्हणायच्या आणि मग दोन, तीन. घरासाठी मोजताना काठावरून तळहात फिरवून माप सपाट करायच्या. पाहुण्यांसाठी आणि लेकीसाठी मात्र शिगोशीग, वर टोक येईपर्यंत. पीठ, डाळ, तांदूळ मापाने. पाणी पितळी चरवीने. मीठ मुठीने. गूळ तेवढा अपवाद, कारण ढेप काही मापात बसत नाही. तो किलोवर यायचा आणि काकू त्याला नाइलाजाने आत घ्यायच्या.

गल्लीतल्या नव्या सुना त्यांच्याकडे वेगळ्याच कामाला येत. शेजारच्या पूजाला मुलाच्या वाढदिवसाला केक करायचा होता. फोनवरची बाई ग्रॅममध्ये सांगत होती आणि पूजाकडे काटा नव्हता. "काकू, अडीचशे ग्रॅम मैदा म्हंजे किती वो?"

काकूंनी डोळे मिटले. उजवा हात हवेत धरला, जणू त्यात माप आहे, आणि जरासा कलता केला. "अर्ध्या मापाले थोडा कमी."

"आन् साखर? तेवढीच हाय, अडीचशे."

"मंग ती पाव मापाच्या जराशीक वर."

पूजा गोंधळली. दोन्ही अडीचशे, मग एकाला अर्धं आणि दुसऱ्याला पाव कसं?

"मैदा फुसका असते बाई, जागाच लई खाते. साखर जड. गुपचूप खाली बसते," काकू म्हणाल्या. "आन् मैदा दाबू नको. दाबला का तोही साखरेवानी वागते."

केक फुगला. काकूंना एक तुकडा आला, तो त्यांनी वास घेऊन मला दिला. त्यात अंडं आहे अशी त्यांना शंका होती. नव्हतं. मी खाल्ला, चांगला होता.

त्यांची सगळ्यात मजेची भानगड होती ती कोपऱ्यावरच्या सुरेश किराणावाल्याशी. सुरेशकडून किलोभर डाळ आणली की ती काकूंच्या मापात भरून वर मूठभर उरायची. काकूंच्या हिशेबी किलोभर डाळ म्हणजे एक माप. तेव्हा ही वरची मूठ सुरेशने जास्तीची घातलेली, विधवा बाई म्हणून दया दाखवलेली. काकूंना दया म्हटली की मिरची लागायची. त्या ती मूठ कागदात बांधायच्या आणि परत नेऊन द्यायच्या.

"काकू, काटा बराबर हाय माहा," सुरेश हात जोडायचा.

"तुहा काटा मोठ्या मनाचा हाय. मले तशी सवय नको लावू."

असं किती वर्षं चाललं कोण जाणे. सुरेशने शेवटी बोलणं सोडलं. पुडी आली की मुकाट्याने पोत्यात ओतायचा आणि "बसा काकू, पानी घ्या," म्हणायचा. काकू पाणीही घ्यायच्या नाहीत. मी एकदा सुरेशला विचारलं, तर तो म्हणाला, "म्याडम, मी कायले कोणाले जास्त देतो? पण तिले कोन सांगन?"

लेक मंदा सुरतेला दिली होती. दरवर्षी घरची तूर निघाली, डाळ तयार झाली की पहिली चार मापं मंदाची. त्याआधी घरात कोणी त्या डाळीचं वरण करायचं नाही. काकू शिगोशीग भरायच्या, "लाभ" म्हणताना आवाज जरा चढायचा, आणि मग पांढऱ्या कापडाची पिशवी स्वतः शिवायच्या. सुरतेत डाळ मिळत नाही का, असं मी पहिल्या वर्षी विचारलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही. पार्सल माझ्याच काउंटरवर यायचं. मी ते काट्यावर ठेवायचे आणि आकडा दरसाल जवळजवळ त्याच जागी थांबायचा. दहावीस ग्रॅम इकडेतिकडे. एवढ्या शिगा हाताने लावून वजन असं सारखं यावं याचं मला नवल वाटायचं. मी तसं सांगितलं की काकू म्हणायच्या, "तुह्या काट्याले माह्या हाताची सवय झाली."

मग ती महालक्ष्मीची गोष्ट झाली.

आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय असतं ते वऱ्हाडात ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. काकूंकडे अख्खी गल्ली जेवायची. त्या वर्षी काकूंच्या मुलाने, विलासने, आईला खूश करायचं ठरवलं. सणाच्या आधी घरातली सगळी पितळी भांडी त्याने मलकापूरला नेली आणि घासूनपुसून, उजळून आणली. त्यात मापही गेलं. भांडेवाल्याने कामात कसूर ठेवली नाही, पोचा ठोकून बूड सपाट केलं आणि माप नव्यासारखं करून दिलं. विलासने ते आईच्या हातात ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. काकूंचा अंगठा बुडाकडे गेला आणि थांबला.

"चांगलं झालं रे," त्या म्हणाल्या. पोराने हौसेने केलेलं, त्याला काय बोलणार? पोच्याची हकिकत त्यानेही ऐकलेली असणार, पण काकूंचा जीव त्या पोच्यात आहे हे त्याला कळलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी काकू जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या.

सणाच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाक. डाळ शिजली, गूळ पडला, पुरण वाटलं. सोळा भाज्या, आंबील, वडे, भात. पंगत बसली. इतरांना कदाचित काही कळलंही नसतं, पण काकूंची थोरली जाऊ दुसरी पोळी मोडता मोडता म्हणाली, "गिरजे, यंदा पुरण अगोड झालं काय?" काकूंनी बोटावर पुरण घेऊन चाखलं. मग वडा मोडला. तो अळणी. भाताचं शीत दोन बोटांत दाबलं, तर मधे कणी राहिलेली. तिन्ही एकाच दिवशी, आणि तेही महालक्ष्मीपुढे.

 काकू पंगती उठेपर्यंत वाढत राहिल्या. पण नंतर मागच्या दारी हात धुताना मला म्हणाल्या, "माह्या मायचं असंच सुरू झालतं."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई उतारवयात मीठ घालायची विसरू लागली, मग दोनदा घालू लागली, मग लेकींना बहिणींच्या नावाने हाका मारू लागली, आणि शेवटी ताटात वाढलेलं काय आहे तेही तिला सांगावं लागे. सुरुवात मात्र अशीच, मिठापासून झाली होती. काकूंना मरणाची भीती नव्हती, ही भीती होती.

त्या दिवसापासून माप फळीवर गेलं. सून सुनीता चांगली पोरगी होती. तिने किलोवर आणि शिट्ट्यांवर स्वयंपाक सुरू केला आणि तो चांगलाच व्हायचा. काकू ओसरीवर बसून डाळी निवडायच्या. गल्लीतली कोणी सून काही विचारायला आली, तर "मले नको विचारू, माहं आता खरं नाही," म्हणायच्या. हवेत तो हात धरणं बंद झालं. मधेच मला विचारायच्या, "पोरी, सकाळी मी तुले कोन्या नावानं हाक मारली?" माझ्याच नावाने मारलेली असायची. मी तसं सांगितलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. मला वाटायचं, मी खोटं बोलते असं त्यांना वाटत असेल. सुरेशकडची डाळ उरेनाशी झाली हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. सुनीताने हट्टाने एकदा ती मापून घ्यायला लावली, तर माप काठोकाठ भरलं आणि मूठ काही उरली नाही. "तोही कंटाळला मले," काकू म्हणाल्या.

तूर निघाली. मंदाची मापं मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला भरू दिली नाहीत. पिशवी शिवली, विलास पार्सल घेऊन आला, मी काट्यावर ठेवलं. आकडा नेहमीच्या जागी थांबला नाही. पुढे गेला, चांगला पाव किलोच्या वर पुढे.

मी ते पार्सल पाठवलं नाही. संध्याकाळी तसंच घरी नेलं. "काकू, यंदा शीग जास्त लावली काय?"

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तेही चुकलं?"

"शीग लावून लावून किती लागेल? एवढी डाळ टोकावर राहील कशी?" असं मी म्हणाले खरी आणि बोलता बोलता फळीवरच्या मापाकडे माझं लक्ष गेलं. ते खाली घेतलं. आत हात घातला. बूड सपाट. मी सुनीताला सुरेशकडे पिटाळलं, किलोभर डाळ आणवली आणि काकूंच्या समोर ओतली. माप काठोकाठ भरलं.

"काकू, आधी मूठभर उरायची ना?"

"हाव. तो जास्त द्यायचा."

"तो कधीच जास्त देत नव्हता. तुमचं माप लहान होतं. नानांनी ठोकलं तेव्हापासून लहान होतं. आता भांडेवाल्याने ते मोठं केलं. डाळ जास्त पडली आणि गूळ तेवढाच राहिला. तांदूळ जास्त पडला आणि पाणी तेवढंच. वड्याचं तसंच, मीठ तुमच्या मुठीचं, ते कुठे वाढलंय?"

काकूंनी अंगठा मापाच्या बुडावरून फिरवला. मग उजवा हात वर आला, हवेत धरला गेला, हळूच कलला. काहीतरी मनात मोजून पाहत असाव्यात.

"म्हंजे हात नाही गेला माहा?"

"नाही काकू. पोचा गेला."

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या आणि हसता हसता रडल्या. सुनीताही रडली. मीही. "बाप्पा बाप्पा," त्या म्हणत होत्या, "सुरेश्याच्या घरी इतक्या वर्साच्या मुठी नेऊन घातल्या मी!"

आणि मग त्यांचा पदर तोंडावरून खाली आला. समोर मंदाचं शिवलेलं पार्सल पडलं होतं.

"म्हंजे मंदीले कमी गेलं," त्या म्हणाल्या. "दरसाल. लाभ म्हणू म्हणू मी तिले कमी मापून राह्यली होती."

मी म्हणाले, ती कुठे मोजून घेते? आणि शिगेत भरून निघालं असेल. पण हे बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मूठभर डाळीचं त्यांना काही नव्हतं. लेकीला भरल्या मापाने दिलं, असं इतकी वर्षं मनाशी धरून बसलेली बाई ती, आणि ते तसं नव्हतं.

विलासला कळलं तेव्हा तो बिचारा ओशाळला. "माय, मी पुन्हा ठोकून आणतो. अस्संच करून आणतो."

"तुले तसं ठोकता येनार नाही," काकू म्हणाल्या. "तुह्या बापाले घाई होती. लेकीचा पाळणा टांगायचा होता. तशी घाई आता तू कुठून आनशीन?"

त्यावर त्यांनीच तोड काढली. विलासच्या गाडीवर बसून त्या नळगंगा नदीवर गेल्या आणि पदरात गोटे भरून आणले. ते धुतले, उकळले. मग रोज दुपारी एकेक गोटा मापात ठेवायचा, वरून सुरेशची किलोभर डाळ ओतायची आणि किती उरते ते पाहायचं. कोणता गोटा मोठा, कोणता चपटा. एक अगदी जवळ आला होता, पण काकूंनी तो नाकारला, म्हणाल्या यानं चिमूटभर कमी उरते. शेवटी एक काळसर, गोल, एका बाजूने जरा बसका गोटा सापडला. डाळ काठाला आली आणि वर उरली बरोबर त्यांची मूठ. ती मूठ कागदात बांधून त्या सुरेशकडे गेल्या. म्हणाल्या, "ही शेवटची. तुह्या काट्याले बोलली ते मागं घेतलं." आणि त्या दिवशी त्याच्याकडचं पाणी प्यायल्या.

तेव्हापासून माप पुन्हा सुरू झालं. ओतताना त्या अंगठ्याने गोटा आत अडवून धरायच्या, तो कधी डाळीबरोबर बाहेर आला नाही. पुढल्या महालक्ष्मीला पुरण जसं हवं तसं झालं. थोरल्या जावेने चार पोळ्या खाल्ल्या आणि काही बोलली नाही, काकूंना तेवढं पुरलं. नव्या सुना पुन्हा विचारायला येऊ लागल्या. फक्त मंदाची डाळ भरताना काकू गोटा काढून बाजूला ठेवायच्या. घरासाठी गोट्यासकट, लेकीसाठी गोट्याशिवाय. त्या अख्ख्या घरातून तेवढी एकच पिशवी पुऱ्या मापाची जायची.

माझी बदली झाली, नाशिकला. आता माझ्या ओट्यावर इलेक्ट्रिक काटा आहे, कप आहेत, चमच्यांचा झुबका आहे. मी सगळं ग्रॅमवर करते आणि ते बरं होतं. काकू जाऊन तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी माणसं ओळखली, मला फोनवर आवाजावरून ओळखायच्या. माप सुनीताकडे आहे, गोट्यासकट. पण डाळीची पिशवी फोडली की माझा हात अजून क्षणभर थांबतो, आता कोणी आतून येईल आणि म्हणेल, थांब, आधी मोजू दे. ही ओढ कशाने मोजतात ते मला माहीत नाही. कधी कधी नुसतं तिथे जाऊन ओसरीवर बसावंसं वाटतं.

मोताळ्याहून निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो दाराशी उभा होता. काकू ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात डाळीचं टोपलं आणि मांडीवर कोरी शिवलेली पांढरी पिशवी.

"तिकडं गेल्यावर डाळ मिळतच असेल म्हना," त्या म्हणाल्या, "पन ही घरची हाय."

मी म्हटलं, "थोडीच द्या काकू, टेम्पोत जागा नाही."

त्यांनी माप डाळीत बुडवलं, भरून वर काढलं. मग थांबल्या. डाळ परत टोपल्यात ओतली. दोन बोटं मापात घालून तो काळा गोटा काढला, पदराला पुसला आणि बाजूला फरशीवर ठेवला. माप पुन्हा भरलं, शिगोशीग, टोक येईपर्यंत, आणि माझ्या पिशवीत रितं करताना मोठ्याने म्हणाल्या, "लाभ."